डिस्कवरील अवशिष्ट मेटाडेटा पुसणे

डिस्कवरील अवशिष्ट मेटाडेटा पुसणे म्हणजे एखाद्या डिस्कवर किंवा पार्टिशनवर नवी फाइल सिस्टीम तयार करताना, त्या जागेच्या पूर्वीच्या वापरातून मागे राहिलेल्या ओळखखुणा हेतुपुरस्सर नष्ट करण्याची क्रिया होय. जुन्या फाइल सिस्टीमचे सुपरब्लॉक, पार्टिशन तक्ते व त्यांच्या राखीव प्रती, रेड संचाच्या नोंदी, एलव्हीएमची लेबले आणि सांकेतिकीकरणाच्या शीर्षिका यांचा अशा अवशेषांत समावेश होतो.

डिस्क फॉरमॅट केली की तिच्यावरील जुने सर्व काही नाहीसे होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात फॉरमॅट करणारे साधन सहसा नव्या फाइल सिस्टीमला आवश्यक असलेल्या मोजक्या जागाच लिहिते. उरलेल्या जागेवरील जुना मजकूर आणि जुन्या ओळखखुणा तशाच राहतात. यांपैकी जुना मजकूर नव्या फाइल सिस्टीमच्या दृष्टीने केवळ मोकळी जागा असतो व तो निरुपद्रवी ठरतो. ओळखखुणांचे तसे नसते. संगणक त्यांवरूनच डिस्कवर काय आहे हे ठरवत असल्याने, मागे राहिलेली एखादी खूण डिस्कची चुकीची ओळख पटवू शकते आणि काही परिस्थितींत नवा विदा नष्ट होण्यास कारणीभूत होऊ शकते.

या लेखात १ केबी म्हणजे १,०२४ बाइट, १ एमबी म्हणजे १,०२४ केबी आणि १ जीबी म्हणजे १,०२४ एमबी असे मानले आहे.

## ओळख पटवण्याची पद्धत

कर्नलच्या दृष्टीने डिस्क ही क्रमांकित सेक्टरांची एक सलग रांग असते. त्या रांगेत एक्स्ट४ आहे, एनटीएफएस आहे की काहीच नाही, हे सांगणारी कोणतीही स्वतंत्र नोंद डिस्कच्या बाहेर ठेवलेली नसते. म्हणून प्रत्येक फाइल सिस्टीमच्या रचनाकारांनी आपल्या मेटाडेटामध्ये ठरावीक ठिकाणी एक ठरावीक संख्या किंवा अक्षरमालिका ठेवण्याची प्रथा पाळली आहे. या ओळखखुणेला तांत्रिक परिभाषेत सिग्नेचर किंवा मॅजिक क्रमांक म्हणतात.

लिनक्समध्ये ही तपासणी प्रामुख्याने लिबब्लकआयडी या लायब्ररीमार्फत होते. ही लायब्ररी मुळात एक्स्ट फाइल सिस्टीमच्या ई२एफएसप्रॉग्ज या साधनसंचाचा भाग होती; पुढे ती युटिल-लिनक्स या साधनसंचात विकसित होऊ लागली. तिच्याकडे ज्ञात प्रकारांची आणि त्यांच्या खुणांच्या स्थानांची यादी असते. डिस्क जोडली गेल्यावर ती त्या स्थानांवरील बाइट वाचते व जुळणी झाल्यास फाइल सिस्टीमचा प्रकार, लेबल आणि यूयूआयडी कळवते. डिस्क जोडण्याची आज्ञा, साधनांची नावे ठरवणारी यूडेव्ह ही सेवा आणि अनेक इन्स्टॉलर या माहितीवर विसंबून असतात.

काही प्रकारांत खुणेबरोबर तपासबेरीज किंवा आकाराची नोंदही पडताळली जाते. तथापि ही पडताळणी मेटाडेटाच्या त्या तुकड्यापुरतीच असते. जुना सुपरब्लॉक अखंड राहिला असेल, तर त्याची तपासबेरीजही अचूकच निघते. हा तुकडा आज वापरात आहे की वर्षभरापूर्वीच कालबाह्य झाला आहे, हे केवळ त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही.

## ओळखखुणांची स्थाने

निरनिराळ्या प्रकारांच्या खुणा निरनिराळ्या ठिकाणी असतात. खालील तक्त्यात काही प्रमुख प्रकार दिले आहेत. अंतर हे त्या डिस्कच्या किंवा पार्टिशनच्या आरंभापासून मोजले असून सेक्टर ५१२ बाइटचा धरला आहे. संख्यात्मक खुणा षोडशमान पद्धतीत आहेत.

| प्रकार | ओळखखूण | अंतर (बाइट) | अन्य प्रती |
|---|---|---|---|
| एमबीआर पार्टिशन तक्ता | ५५एए | ५१० | नाहीत |
| जीपीटी पार्टिशन तक्ता | ईएफआय पार्ट | ५१२ | डिस्कचा अखेरचा सेक्टर |
| फॅट३२ | फॅट३२. ५५एए | ८२. ५१० | सहसा ६ क्रमांकाचा सेक्टर |
| एनटीएफएस | एनटीएफएस | ३ | व्हॉल्यूमचा अखेरचा सेक्टर |
| एक्स्ट२, एक्स्ट३, एक्स्ट४ | ईएफ५३ | १,०८० | ठरावीक ब्लॉक गटांच्या आरंभी |
| एक्सएफएस | एक्सएफएसबी | ० | प्रत्येक वाटप गटाच्या आरंभी |
| बीटीआरएफएस | _बीएचआरएफएस_एम | ६५,६०० | ६४ एमबी व २५६ जीबी येथे |
| आयएसओ ९६६० | सीडी००१ | ३२,७६९ | — |
| लिनक्स स्वॅप (४ केबी पेज) | स्वॅपस्पेस२ | ४,०८६ | नाहीत |
| एलव्हीएम२ | लेबलवन | सहसा ५१२ | — |
| लिनक्स रेड, आवृत्ती १.२ | ए९२बी४ईएफसी | ४,०९६ | नाहीत |
| लिनक्स रेड, आवृत्ती ०.९० व १.० | ए९२बी४ईएफसी | डिस्कच्या अखेरीजवळ | नाहीत |
| झेडएफएस | ००बीएबी१०सी | आरंभीची दोन लेबले | अखेरीची दोन लेबले |

या विविधतेमागे ऐतिहासिक कारणे आहेत. एक्स्ट२ची रचना पहिले १,०२४ बाइट बूट करणाऱ्या प्रोग्रामसाठी मोकळे सोडते, म्हणून तिचा सुपरब्लॉक तेथून पुढे सुरू होतो. आयएसओ ९६६० या सीडीच्या मानकात पहिले ३२ केबी राखीव आहेत. बीटीआरएफएसने पहिले ६४ केबी मोकळे ठेवले आहेत. लिनक्स रेडच्या ०.९० व १.० या आवृत्त्यांत नोंदी डिस्कच्या शेवटी ठेवल्या जातात. त्यामुळे आरशासारख्या रेड-१ संचातील एकेक डिस्क सुटी केली तरी तिच्या आरंभी साधी फाइल सिस्टीमच दिसते.

## अवशेष उरण्याची कारणे

### न लिहिलेली जागा

फॉरमॅट करताना संपूर्ण डिस्कवर लिहिणे वेळखाऊ असते. म्हणून बहुतेक साधने केवळ नवे सुपरब्लॉक, वाटपाच्या नोंदी आणि मूळ निर्देशिका लिहितात. एका प्रकाराने मोकळी सोडलेली जागा ही अनेकदा दुसऱ्या प्रकाराची ओळख असते. फॅट३२ किंवा एक्सएफएस असलेल्या पार्टिशनवर एक्स्ट४ तयार केल्यास, एक्स्ट४च्या रचनेला पहिल्या १,०२४ बाइटशी काही कर्तव्य नसते. म्हणून फॉरमॅट करणाऱ्या साधनाने तो भाग मुद्दाम पुसला नाही, तर शून्याव्या बाइटपासूनची जुनी खूण शाबूत राहते. बीटीआरएफएसच्या बाबतीत हा मोकळा पट्टा ६४ केबींचा असल्याने त्यात एक्स्ट४, स्वॅप, एलव्हीएम आणि आयएसओ ९६६० या सर्वांच्या खुणा सामावू शकतात.

### राखीव प्रती

मेटाडेटाचा एक तुकडा खराब झाला तरी फाइल सिस्टीम परत मिळवता यावी, म्हणून अनेक प्रकार त्याच्या प्रती दूरदूर ठेवतात. ४ केबी ब्लॉक असलेल्या एक्स्ट४मध्ये सुपरब्लॉकची पहिली राखीव प्रत ३२,७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर, म्हणजे १२८ एमबी अंतरावर असते. जीपीटीची दुसरी शीर्षिका डिस्कच्या अगदी अखेरच्या सेक्टरमध्ये आणि तिच्या नोंदी त्याआधीच्या ३२ सेक्टरांत असतात. झेडएफएसच्या प्रत्येकी २५६ केबींच्या चार लेबलांपैकी दोन आरंभी व दोन अखेरीस असतात. डिस्कच्या सुरुवातीचे काही एमबी शून्यांनी भरले, तरी या दूरच्या प्रतींना धक्का लागत नाही.

### पार्टिशनपूर्वीची पोकळी

आधुनिक साधने पहिले पार्टिशन सहसा २,०४८ क्रमांकाच्या सेक्टरपासून, म्हणजे १ एमबी अंतरावर सुरू करतात. पार्टिशन तक्ता आणि पहिले पार्टिशन यांमधील हा पट्टा कोणत्याही फाइल सिस्टीमच्या मालकीचा नसतो. लिनक्स वितरणाची आयएसओ प्रतिमा पेन ड्राइव्हवर उतरवून नंतर तोच ड्राइव्ह साध्या वापरासाठी फॉरमॅट केल्यावर आढळणारी अडचण येथूनच उद्भवते. नवे पार्टिशन १ एमबीपासून सुरू होते, पण ३२ केबी अंतरावरील सीडी००१ ही खूण जागेवरच राहते. परिणामी काही साधने संपूर्ण ड्राइव्हला अजूनही जुन्या लेबलाची सीडी समजतात.

### एकावर एक रचलेले थर

डिस्कवर पार्टिशन, पार्टिशनवर रेड, रेडवर सांकेतिकीकरण, त्यावर एलव्हीएम आणि सर्वांत वर फाइल सिस्टीम अशी रचना सर्व्हरवर नेहमी आढळते. प्रत्येक थराची स्वतःची खूण असते. केवळ पार्टिशन तक्ता नव्याने लिहिल्यास सर्वांत बाहेरचा थर बदलतो. आतील खुणा आपापल्या अंतरावर कायम असतात. नव्या तक्त्यातील पार्टिशन योगायोगाने किंवा समान संकेतामुळे पूर्वीच्याच सेक्टरपासून सुरू झाले, तर जुनी फाइल सिस्टीम किंवा जुना व्हॉल्यूम गट जसाच्या तसा पुन्हा दिसू लागतो.

## परिणाम

### संदिग्ध किंवा चुकीची ओळख

एकाच जागी दोन प्रकारांच्या खुणा आढळल्यास लिबब्लकआयडी निर्णय देण्याचे टाळते. अशा वेळी डिस्क जोडण्याची आज्ञा एकाहून अधिक फाइल सिस्टीम आढळल्याचे सांगून प्रकार स्पष्ट नमूद करण्यास किंवा अवशेष पुसण्यास सुचवते. यूयूआयडी न मिळाल्यामुळे त्यावर आधारलेला दुवाही तयार होत नाही, आणि संगणक सुरू होताना त्या डिस्कची वाट पाहत राहतो. नकाराचा हा मार्ग गैरसोयीचा असला तरी विद्याच्या दृष्टीने सुरक्षित असतो.

चुकीची ओळख पटणे अधिक घातक असते. पूर्वी झेडएफएस किंवा रेड संचात असलेल्या डिस्कवर नवी फाइल सिस्टीम असूनही तिचा प्रकार संचाचा सदस्य असा दाखवला जातो व ती जोडण्यास नकार मिळतो. मदरबोर्डवरील इंटेल रेडची नोंद डिस्कच्या अखेरून दुसऱ्या सेक्टरमध्ये असते. ती शिल्लक राहिल्यास जुनी डिस्क नव्या संगणकातही एखाद्या अपूर्ण रेड संचाचा भाग वाटू शकते.

### रेड संचाची आपोआप जुळणी

लिनक्समध्ये डिस्क आढळताच तिच्यावरील रेडची नोंद वाचून संच आपोआप उभा करण्याची सोय असते. पूर्वी रेड-१ मध्ये असलेल्या दोन डिस्क सुट्या करून त्यांपैकी एकीवर नवी फाइल सिस्टीम तयार केली आणि अखेरीजवळच्या नोंदी दोन्हींवर राहिल्या, तर पुढच्या वेळी संगणक सुरू होताना जुना संच पुन्हा उभा राहू शकतो. नोंदींनुसार संच सुस्थितीत असेल, तर दोन्ही डिस्कवरील मजकूर समान आहे असे गृहीत धरले जाते आणि वाचनाच्या विनंत्या दोघींत वाटल्या जातात. त्यामुळे काही वाचनांना नवा, तर काहींना जुना मजकूर मिळतो. संच अर्धवट अवस्थेत बंद पडल्याची नोंद असेल, तर समक्रमण सुरू होऊन एका डिस्कवरील मजकूर दुसरीवर लिहिला जातो. त्या दिशेत नवी फाइल सिस्टीम चुकीच्या बाजूला असल्यास ती पुसली जाते.

आवृत्ती ०.९० मध्ये आणखी एक गोंधळ संभवतो. तिच्या नोंदीचे स्थान अखेरीपासून मागे मोजून ६४ केबीच्या पटीत ठरवले जाते. शेवटचे पार्टिशन ६४ केबीच्या पटीतील सेक्टरवर सुरू होऊन डिस्कच्या अखेरीपर्यंत जात असेल, तर एकच नोंद पार्टिशनची आणि संपूर्ण डिस्कची अशा दोन्ही प्रकारे वैध दिसते.

### दुरुस्तीच्या वेळी होणारा विपर्यास

अवशेषांचा सर्वांत उशिरा उघड होणारा परिणाम दुरुस्तीच्या वेळी दिसतो. मुख्य सुपरब्लॉक खराब झाल्यास दुरुस्ती करणारे साधन डिस्कवर राखीव प्रत शोधते. नवी फाइल सिस्टीम जुनीच्याच प्रकारची पण वेगळ्या मापाची असेल, तर या शोधात जुन्या फाइल सिस्टीमची प्रत हाती लागू शकते. तिच्या आधारे केलेली दुरुस्ती चालू फाइल सिस्टीमला कालबाह्य मापांत बसवू पाहते. मुख्य सुपरब्लॉक शाबूत असेपर्यंत ही जोखीम लपून राहते.

## फॉरमॅट करणाऱ्या साधनांचे वर्तन

वरील अनुभवांमुळे अनेक साधनांनी अवशेष पुसण्याची जबाबदारी काही प्रमाणात स्वतःकडे घेतली आहे. मात्र कोण किती पुसते यात बराच फरक आहे.

* एक्स्ट४ तयार करणारे साधन आरंभीचे दोन सेक्टर शून्य करते. तसेच रेडच्या ६४ केबी पटीचा विचार करून डिस्कच्या अखेरचा भागही शून्य करते. आधीची फाइल सिस्टीम आढळल्यास ते वापरकर्त्याला पुढे जायचे का असे विचारते.
* एक्सएफएस तयार करणारे साधन जुनी फाइल सिस्टीम दिसल्यास सक्तीचा पर्याय दिल्याशिवाय काम करत नाही. ते आरंभीचे व अखेरचे १२८ केबी शून्य करते. जुनी एक्सएफएस आढळल्यास तिच्या मापांवरून तिचे दुय्यम सुपरब्लॉक कोठे होते हे काढून तेही पुसते.
* बीटीआरएफएसचे साधनही सक्तीच्या पर्यायाची अट घालते. ते डिस्कच्या दोन्ही टोकांचे २ एमबी आणि सुपरब्लॉकच्या प्रतींची ठरलेली स्थाने शून्य करते.
* स्वॅप तयार करणारे साधन पार्टिशन तक्ता दिसणाऱ्या डिस्कवर पहिला ब्लॉक सक्तीशिवाय पुसत नाही, कारण त्यात बूट करणारा प्रोग्राम असू शकतो.
* एलव्हीएममध्ये नवा लॉजिकल व्हॉल्यूम तयार करताना त्या जागी जुनी खूण सापडल्यास तिचा प्रकार व अंतर सांगून ती पुसण्याची परवानगी मागितली जाते. एक्स्ट४च्या बाबतीत हे अंतर १,०८० असे दिसते.
* एफडिस्क हे पार्टिशन साधन नव्या तक्त्याआड येणारी, तसेच नव्या पार्टिशनच्या जागी सापडलेली जुनी खूण निदर्शनास आणून देते. ती पुसावी की ठेवावी हे पर्यायाद्वारे ठरवता येते.

फ्रीबीएसडीमधील उदाहरण या प्रश्नाचे मूळ स्पष्ट करते. यूएफएस१ या जुन्या फाइल सिस्टीमचा सुपरब्लॉक ८ केबी अंतरावर असे. २००३ साली आलेल्या फ्रीबीएसडी ५.० मध्ये यूएफएस२ उपलब्ध झाली आणि तिचा सुपरब्लॉक ६४ केबी अंतरावर गेला. त्यामुळे जुन्या पार्टिशनवर यूएफएस२ तयार केल्यास ८ केबीवरील यूएफएस१चा सुपरब्लॉक आपोआप झाकला जात नव्हता. म्हणून फॉरमॅट करणाऱ्या न्यूएफएस या आज्ञेत जुना सुपरब्लॉक वाचून, तो यूएफएस१चा असल्यास त्याची व त्याच्या प्रतींची ओळखखूण शून्य करण्याची तरतूद आहे.

विंडोजमधील जलद फॉरमॅट केवळ फाइल सिस्टीमच्या रचना लिहितो. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट मात्र त्या व्हॉल्यूमवर सर्वत्र शून्ये लिहितो. डिस्कपार्ट या साधनातील क्लीन ही आज्ञा पार्टिशनविषयक माहिती पुसते, तर क्लीन ऑल ही आज्ञा डिस्कवरील प्रत्येक सेक्टर शून्य करते.

एसएसडीवर फॉरमॅट करताना अनेक साधने सर्व ब्लॉक मोकळे झाल्याचे ड्राइव्हला कळवतात. त्यानंतर बऱ्याच ड्राइव्हवर त्या जागी शून्ये वाचली जातात. परंतु प्रत्येक ड्राइव्ह तशी हमी देत नाही. म्हणून या सूचनेला पुसण्याचा पर्याय मानले जात नाही.

## पुसण्याची साधने

वाइपएफएस हे युटिल-लिनक्स संचातील साधन याच कामासाठी बनवले आहे. कोणताही पर्याय न देता चालवल्यास ते काहीही न बदलता सापडलेल्या खुणांची यादी, त्यांचे अंतर आणि प्रकार दाखवते. सर्व खुणा, एखाद्याच प्रकारच्या खुणा किंवा एखाद्याच अंतरावरील खूण पुसण्याचे स्वतंत्र पर्याय त्यात आहेत. प्रत्यक्ष न लिहिता फक्त तालीम करण्याचीही सोय आहे.

वाइपएफएस केवळ ओळखीचे मोजके बाइट शून्य करते. फाइल सिस्टीमचा उरलेला भाग अबाधित राहतो. त्यामुळे ते क्षणार्धात काम करते. त्याच कारणाने चूक सुधारण्यालाही वाव असतो. पुसण्यापूर्वी हे बाइट एका लहान फाइलमध्ये जतन करण्याचा पर्याय असून त्या फाइलच्या नावातच डिस्कचे नाव व अंतर नोंदवले जाते. डीडी या आज्ञेने ते बाइट त्याच अंतरावर परत लिहिले की फाइल सिस्टीम पुन्हा ओळखू येते. मात्र मधल्या काळात डिस्कवर दुसरे काही लिहिलेले नसावे.

विशिष्ट थरांसाठी त्या त्या थराची स्वतःची साधने अधिक विश्वसनीय मानली जातात, कारण आपल्या सर्व प्रती कोठे आहेत हे त्यांना नेमके ठाऊक असते.

* लिनक्स रेडसाठी एमडीएडीएम या साधनात सदस्य डिस्कवरील सुपरब्लॉक शून्य करण्याचा पर्याय आहे.
* एलव्हीएमसाठी पीव्हीरिमूव्ह ही आज्ञा डिस्कवरील लेबल काढते.
* झेडएफएससाठी झेडपूल या आज्ञेतील लेबलक्लिअर हा उपप्रकार चारही लेबलांवर काम करतो.
* जीपीटीसाठी एसजीडिस्क या साधनातील झॅप-ऑल हा पर्याय दोन्ही शीर्षिका आणि एमबीआर नष्ट करतो.
* फ्रीबीएसडीमध्ये जीमिरर व अन्य जिओम वर्गांची नोंद साधनाच्या अखेरच्या सेक्टरमध्ये असते. ती काढण्यासाठी त्या त्या वर्गाची क्लिअर आज्ञा वापरतात.

डीडीने डिस्कच्या आरंभी शून्ये लिहिणे हा जुना व सर्वत्र उपलब्ध असलेला उपाय आहे. पण त्याने अखेरचा जीपीटी, झेडएफएसची शेवटची दोन लेबले, रेडच्या जुन्या आवृत्त्यांच्या नोंदी आणि बीटीआरएफएसच्या दूरच्या प्रती सुटून जातात. आरंभ आणि अखेर दोन्ही पुसल्यास यांपैकी बहुतेकांचा निकाल लागतो. मधल्या प्रती तरीही राहतात.

## क्रम आणि खबरदारी

थरांची रचना उतरवताना आतून बाहेर जाण्याचा क्रम पाळला जातो. प्रथम फाइल सिस्टीम डिस्कपासून विलग करणे, मग तिची खूण पुसणे, त्यानंतर एलव्हीएम, सांकेतिकीकरण आणि रेड हे थर बंद करून प्रत्येकाची नोंद काढणे आणि सर्वांत शेवटी पार्टिशन तक्ता पुसणे, असा तो क्रम आहे. आधी पार्टिशन तक्ता पुसल्यास पार्टिशनांची नावे नाहीशी होतात आणि आतील खुणांपर्यंत पोहोचण्याचा सरळ मार्ग उरत नाही.

डिस्क वापरात असेल तर वाइपएफएस ती व्यग्र असल्याचे सांगून थांबते. या नकारामागे बहुधा आपोआप उभा राहिलेला रेड संच किंवा सक्रिय झालेला व्हॉल्यूम गट असतो. त्यावर सक्ती करण्याऐवजी तो थर शोधून बंद करणे श्रेयस्कर ठरते. पुसून झाल्यावर कर्नलला पार्टिशन तक्ता नव्याने वाचायला लावावा लागतो. अन्यथा स्मृतीतील जुनी माहिती काही काळ वापरात राहते.

सर्वांत मोठा धोका चुकीची डिस्क निवडण्याचा असतो. लिनक्समध्ये डिस्कना मिळणारी क्रमाक्षरी नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. म्हणून पुसण्यापूर्वी डिस्कचे मॉडेल, अनुक्रमांक व आकार पडताळणे, खुणांची यादी पाहणे आणि पुसल्यावर पुन्हा यादी काढून ती रिकामी असल्याची खात्री करणे, ही रूढ पद्धत आहे.

## अवशेषांचा उपयोग

ज्या प्रतींमुळे वरील अडचणी निर्माण होतात, त्याच प्रती अपघातानंतर विदा परत मिळवून देतात. एक्स्ट४ची दुरुस्ती करणाऱ्या साधनाला राखीव सुपरब्लॉकचा क्रमांक देऊन काम करायला लावता येते. जीडिस्क हे साधन अखेरच्या प्रतीवरून आरंभीचा जीपीटी पुन्हा उभारू शकते. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेला टेस्टडिस्क हा मुक्त प्रोग्राम पुसल्या गेलेल्या पार्टिशनांचा शोध घेताना डिस्कवर उरलेल्या अशाच खुणा हुडकतो. एखाद्याने चुकून पार्टिशन तक्ता बदलल्यावर त्याचा विदा बहुधा वाचतो, तो या अवशेषांमुळेच.

यामुळे फॉरमॅट करणाऱ्या साधनांच्या रचनाकारांना दोन परस्परविरोधी अपेक्षा सांभाळाव्या लागतात. सरसकट सर्व काही पुसल्यास चुकून फॉरमॅट झालेली डिस्क परत मिळवणे अवघड होते, आणि काहीच न पुसल्यास जुन्या खुणा नव्या फाइल सिस्टीमच्या मुळावर येतात. आधी शोधणे, मग विचारणे आणि संमतीनंतरच पुसणे, ही बहुतेक साधनांनी स्वीकारलेली रीत या दोन अपेक्षांमधील तडजोड आहे.

## विदा सुरक्षितपणे नष्ट करण्याहून भिन्नता

ओळखखुणा पुसणे आणि विदा कायमचा नष्ट करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वाइपएफएसनंतर डिस्क रिकामी दिसत असली तरी तिच्यावरील छायाचित्रे, दस्तऐवज आणि पत्रव्यवहार जागच्या जागी असतात व सामान्य पुनर्प्राप्ती साधनांनी वाचता येतात. म्हणून डिस्क विकताना, दान करताना किंवा भंगारात काढताना केवळ खुणा पुसणे पुरेसे नसते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००६ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या ८००-८८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत साठवण साधनांचे निर्जंतुकीकरण तीन पातळ्यांत मांडले आहे: नेहमीच्या साधनांनी वाचता येणार नाही असे पुसणे, प्रयोगशाळेतही परत मिळणार नाही असे पुसणे आणि साधनच नष्ट करणे. त्यासाठी संपूर्ण डिस्कवर लेखन, ड्राइव्हमधील अंतर्गत पुसण्याची आज्ञा किंवा सांकेतिक डिस्कची किल्ली नष्ट करणे असे मार्ग वापरले जातात. संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिल्यास ओळखखुणाही अर्थातच नाहीशा होतात. उलट दिशेने मात्र हे खरे नसते.

## हे सुद्धा पहा

* फाइल सिस्टीम
* सुपरब्लॉक
* डिस्क फॉरमॅटिंग
* पार्टिशन तक्ता
* रेड
* विदा पुनर्प्राप्ती